चांदीतले मालक

जवळून पाहिलेला माझ्या आयुष्यातला पहिला राजा अंगठ्याच्या नखाएवढा होता. चांदीचा होता, दोन हजार वर्षांपूर्वी मेलेला होता आणि त्याच्या कपाळावर चामखीळ होती. दुसरा राजा म्हणजे आमच्या शाळेचे अध्यक्ष. ते हाडामांसाचे होते, चांगले धडधाकट होते, आणि चामखीळ त्यांनाही होती. या दोन राजांपायी माझी बायको माहेरी कशी अडकली आणि कशी सुटली, ते सांगायचं आहे.

एकोणीसशे अठ्ठावीस-एकोणतीसचा सुमार असेल. मी सोलापुरातल्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. हंगामी. ड्रॉइंग मास्तर हा प्राणी शाळांना तेव्हा गॅदरिंगच्या पडद्यापुरता लागे, त्यामुळे त्याला पक्का करण्याची घाई कुणालाच नसे. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. सासरे माळशिरसच्या मामलेदार कचेरीत कारकून. लग्न जमवणाऱ्याने त्यांना 'नोकरी पक्की झाल्यातच जमा' असं सांगितलं होतं. लग्नानंतर त्यांनी कागद मागितला, आणि कागद नाही म्हटल्यावर त्यांनी आपला निकाल दिला: 'हंगामी माणसाकडे मुलगी नांदायला पाठवणार नाही.' दिवाळीला मी माळशिरसला जाई. जावई म्हणून लाडू भरपूर मिळत, पण बायकोशी बोलायला मिळे ते चहाचा पेला देताघेताना. मग परत शुक्रवार पेठेतल्या माझ्या खोलीवर येऊन मी पिठलं ढवळत बसे. मला तिची फार आठवण येई. अजून पुरती ओळख न झालेल्या माणसाची इतकी आठवण येऊ शकते हे मला तोवर माहीत नव्हतं.

पक्कं करण्याचा ठराव अध्यक्षांच्या हातात. गावात त्यांना सगळे 'मालक' म्हणत. ते सुताचे मोठे व्यापारी, पेठेतल्या निम्म्या मागांवर त्यांचंच सूत चढे. शाळेला इमारत त्यांनी दिली होती, त्यामुळे इमारतीतली माणसंही आपणच दिली आहेत असा त्यांचा समज होता. नुकताच त्यांना सरकारातून रावसाहेब हा किताब जाहीर झाला होता. एवढं सगळं असून मालक एका गोष्टीने गांजले होते. त्यांच्या कपाळावर डाव्या बाजूला हरभऱ्याच्या डाळीएवढी चामखीळ होती. फेट्याची कड ते डाव्या भुवईपर्यंत ओढून घेत. शाळेच्या हॉलमधली त्यांची तसबीर उजव्या अंगाने काढलेली होती. त्यांच्या आसपास चामखीळ हा शब्द कुणी उच्चारत नसे, आणि आरोग्याच्या पुस्तकातला त्वचेचा धडा आमचे हेडमास्तर दरसाल स्वतः वगळत.

शाळेचे उपाध्यक्ष एक वकील होते. कोर्टात त्यांना फारसं काम नसे, त्यामुळे इतिहासाला त्यांचा वेळ भरपूर मिळे. जुनी नाणी जमवायचा त्यांना नाद होता. त्यांचा एक पक्षकार लढाईत मेसापोटेमियात जाऊन आलेला शिपाईगडी होता. त्याने बगदादच्या बाजारातून आणलेलं एक चांदीचं नाणं वकीलसाहेबांना भेट दिलं. वकीलसाहेबांनी पुण्या-मुंबईच्या विद्वानांना पत्रं घालून शोध लावला की हे पार्थियन राजांचं नाणं, आपल्या पुराणांत ज्यांना पारद म्हणतात त्यांचं. झालं. आता सोलापूरला पार्थियन राजे समजावून सांगितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागेना. शाळेत व्याख्यान ठरलं. ते नाणं भिंतीएवढं मोठं करून कागदावर काढायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी ते भिंगाखाली धरून आठवडाभर पाहिलं. मला ते मनापासून आवडलं, हे सांगितलं पाहिजे. एका बाजूला राजाचं तोंड, डावीकडे वळलेलं. दाढीचे केस ओळीने कोरलेले, गळ्यात जाड हसळी, केसांना फीत बांधून तिची टोकं पाठीवर सोडलेली. डोक्यामागून एक गरुड चोचीत हार घेऊन येतो आहे. दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेला एक धनुर्धारी, त्या घराण्याचा मूळपुरुष, हातात धनुष्य घेऊन निवांत पाहत असलेला. भोवती चौकोनात ग्रीक अक्षरं. आणि राजाच्या कपाळावर, कोरणाऱ्याने अगदी जाणूनबुजून ठेवलेला, एक टपोरा ठिपका.

व्याख्यानाला मालक अध्यक्षस्थानी. मी काठी घेऊन चित्राजवळ उभा. वकीलसाहेबांनी सुरुवात झकास केली. त्या घराण्यातला प्रत्येक राजा मूळपुरुषाचंच नाव घेई, त्यामुळे नाण्यांवरून कोण कुठला ते कळायला विद्वानांना घाम फुटतो. एकाने बापाला मारून गादी घेतली आणि नाण्यावर स्वतःला राजाधिराज, परोपकारी, न्यायी आणि ग्रीकांचा मित्र म्हणवून घेतलं. पुढे पुढे तर कोरणाऱ्यांना ग्रीक वाचताच येईना, तरी ते मागच्यांचं पाहून मुंग्यांचे पाय काढत राहिले आणि कुणाची काही तक्रार आली नाही. इथवर सगळे हसले. मग वकीलसाहेब म्हणाले, "मास्तर, आता काठी कपाळावर न्या. ही चामखीळ."

हेडमास्तर छताकडे पाहू लागले. वकीलसाहेबांची नजर अधू, त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं, आणि चामखिळीवर त्यांची टिपणं सर्वांत लांब होती. काठी माझ्या हातात, काठीचं टोक चामखिळीवर, आणि दोन हातांवर मालक. माझ्या डोळ्यांसमोर माळशिरसचं घर आणि त्याचं बंद दार आलं.

शेवटी मालकांनीच विचारलं, "ही एकाच राजाला होती का?"

"छे, छे," वकीलसाहेब खुलले. "पिढ्यान्पिढ्या. एकामागून एक राजांच्या नाण्यांवर आहे. वंशाची खूण होती ती. लपवत नसत, उलट कोरायला सांगत. ही दिसली की प्रजेने ओळखायचं, अस्सल राजबीज."

दुसऱ्या दिवशी मालकांचा फेटा बोटभर वर गेला होता. महिन्याभरात तो इतका मागे सरकला की पडेल की काय अशी भीती वाटावी. हेडमास्तरांना सामुद्रिकशास्त्रात पुरावा सापडला की असं चिन्ह चक्रवर्त्याच्याच कपाळी असतं. शाळेच्या कारकुनाने मानेवरची चामखीळ घोड्याचा केस बांधून नुकतीच पाडली होती, तो बिचारा हळहळत बसला. मालक आधीपासून हरभऱ्याच्या झाडावर होतेच, आता लोकांनी त्यांना शेंड्यावर नेऊन बसवलं.

तिथून त्यांनी हुकूम सोडला. पुण्याला जाऊन रावसाहेबकीची सनद घेऊन येतो, परत आल्यावर सत्कार व्हावा, आणि सत्काराला आलेल्या प्रतिष्ठितांना चांदीचं पदक द्यावं. पदक त्या नाण्याबरहुकूम. एका बाजूला आपण डावीकडे तोंड करून, दुसऱ्या बाजूला आपण आसनावर.

कमिटीची बैठक झाली. पहिल्या बाजूवर मतभेद नव्हता. दुसऱ्या बाजूला हातात काय द्यायचं यावर दिवस गेला. धनुष्य सरकारला खपेल का, अशी वकीलसाहेबांना शंका. हेडमास्तर म्हणाले, ग्रंथ द्यावा. "ते कुणाला खरं वाटायचं नाही," मालकच म्हणाले, आणि एवढं एकच शहाणपणाचं वाक्य त्या बैठकीत बोललं गेलं. सुताची लडी सुचवली, तर ती दुकानाची जाहिरात दिसेल. गरुड मी काढून दाखवला, तो सगळ्यांना घारीसारखा दिसला. भोवतीचा मजकूर हेडमास्तरांनी संस्कृतात रचला: परोपकारी, न्यायी, इंग्रजांचे मित्र. तो कमिटीत कुणालाच वाचता आला नाही. वकीलसाहेब म्हणाले, हे मात्र अगदी पार्थियन पद्धतीला धरून झालं.

चित्रासाठी मालक गादीवर माझ्यासमोर बसत. दर थोड्या वेळाने विचारत, "आली का?"

"आली, मालक."

"बघू. जरा मोठी करा."

तिसऱ्या चित्रात ती बोराएवढी झाली. मी एकदा धीर करून म्हणालो, "मालक, माझ्या अर्जाचं काही झालं तर..." ते जागचे न हलता म्हणाले, "मास्तर, हलू नका म्हणता आणि बोलायला लावता." अर्जाचा विषय तिथेच संपला.

पदक करणार कोण, ही जबाबदारी कमिटीने माझ्यावर टाकली. माझ्या खोलीच्या मागच्या गल्लीत एक म्हातारा सोनार टाक करीत असे, ओटा सोडून तो कुठे जात नसे. देवघरातले टाक, चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेले देव. धातूच्या ठशावर पत्रा ठेवायचा, वर शिशाची लगड ठेवून ठोकायचं, मागे लाख भरून तांब्याचा पत्रा बसवायचा, असं ते काम. त्याचे खंडोबा मी येता-जाता पाहत असे. नाकडोळे असे उठून येत की माझ्या ड्रॉइंग स्कूलमधल्या गुरुजींनीही मान डोलावली असती. मी त्याच्याकडे मालकांचं चित्र घेऊन गेलो.

त्याने चित्र उन्हात धरून बराच वेळ पाहिलं. "मालक की हे," तो म्हणाला आणि चित्राला हात जोडले. मला ते जरा जास्तच वाटलं. मग म्हणाला, "किती घरं?"

"पंचवीस."

"मोटं कूळ हाय." मागच्या बाजूचं चित्र मी पुढे केलं, तर त्याने ते परत दिलं. "टाकाला मागली बाजू नसती, मास्तर. मागनं लाखच असती." कमिटीचा दिवसभराचा वाद एका वाक्यात निकाली निघाला. "बिनघोर जावा," तो म्हणाला. "मन लावून करतो. लई जनांचं पोट हुतं त्यांच्यावर."

आमच्या घरी टाक फक्त देवांचे. त्यामुळे मला एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि ती ठाऊक नसलेला त्या गल्लीत मी एकटाच असेन. तिकडे घरातलं माणूस गेलं की त्याचाही टाक करतात आणि तो देवांच्या शेजारी पूजेत बसवतात. भाऊबंदांच्या जितक्या चुली तितके टाक. जिवंत माणसाचा टाक कुणी करीत नाही, करायचं कुणाच्या मनातही येत नाही.

यानंतर काही दिवसांनी मालक पत्नीला घेऊन पुण्याला गेले, आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी सोनाराने पहिला टाक ठोकून ओट्यावर निवत ठेवला. गल्लीने तो पाहिला. मालक गावात दिसत नव्हते, टाक तर समोर चमकत होता. दुपारपर्यंत पेठेतल्या दुकानांच्या फळ्या अर्ध्या लागल्या. विणकरांच्या आळीत माग थांबले आणि तेलुगूतून हळहळ सुरू झाली. ती मालकांसाठी होती की पुढचं सूत कोण देणार यासाठी, ते मला सांगता येणार नाही. बातमी शाळेत आली ती न्हाव्याकडून कारकुनाकडे आणि कारकुनाकडून हेडमास्तरांकडे. मी विचारलं, "तार आली का?"

"आलीच असेल," हेडमास्तर म्हणाले. "एवढा मोठा माणूस, तारेशिवाय कसा जाईल?"

मला त्यात काही गैर वाटलं नाही. मुलांना सुटी देऊन लगेच शोकसभा भरली. सत्काराचं भाषण हेडमास्तरांचं तयारच होतं. त्यांनी क्रियापदं तेवढी बदलली. वकीलसाहेब अध्यक्षांच्या खुर्चीत बसले, आयत्या बिळावर नागोबा. पण मनाने वाईट नव्हते. खुर्चीवर बसल्याबसल्या त्यांना सर्वांचं भलं करावंसं वाटू लागलं. दुखवट्याचा पहिला ठराव झाला. मग ते म्हणाले, "दिवंगतांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून एक चांगलं काम आज करू. ड्रॉइंग मास्तरांना पक्कं करू." दुसरा ठराव झाला. कारकुनाने नक्कल केली, वकीलसाहेबांनी झोकात सही ठोकली. सभेत कुणाच्या डोळ्यांना पाणी आलं असेल तर शिपायाच्या, कारण मुलं गेली तरी त्याला सुटी नव्हती.

सभेतून आम्ही तिघे मालकांच्या घरी निघालो. वाटेत पोस्ट होतं. मी चेहरा दुःखी ठेवून आत गेलो, पाकिटावर माळशिरसचा पत्ता घातला, नक्कल आत सारली आणि पाकीट पेटीत टाकलं. बाहेर येताना मला हसू आवरत नव्हतं. हेडमास्तरांना वाटलं मला हुंदका आला, त्यांनी पाठीवर हात ठेवला.

घरी मालकांची म्हातारी आई आणि स्वयंपाकीणबाई, एवढ्याच. आईंना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नसे. त्या भिंतीला टेकून शेंगा सोलत बसल्या होत्या. घरात काहीच ठाऊक नाही हे पाहून आमचे पाय दारातच थबकले. सांगायचं कुणी? हेडमास्तर वकीलसाहेबांकडे पाहू लागले, वकीलसाहेब माझ्याकडे. शेवटी हेडमास्तरांनी सांगितलं. सभेतल्यासारखंच अलंकारिक सांगितलं, त्यामुळे आईंना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांच्या तोंडातून जो आवाज आला तो ऐकून माझं सगळं हसू जिरून गेलं. सूप उलटं झालं, शेंगा घरभर गेल्या. त्या छाती पिटत नव्हत्या की काही बोलत नव्हत्या, फक्त तो आवाज थांबत नव्हता. वकीलसाहेबांना लगेच काही तजवीज करायची आठवली. हेडमास्तरांना वर्तमानपत्राला कळवायचं होतं. "मास्तर, तुम्ही बसा," म्हणून दोघे निघाले.

मी बसलो. मला काय करावं ते सुचेना, म्हणून शेंगा गोळा करीत राहिलो. तेवढ्यात स्वयंपाकीणबाई शेजारून सगळी बातमी ऐकून आल्या. बऱ्याच वेळाने आई शांत झाल्या. मग म्हणाल्या, "गावानं टाक बी केला म्हनं. कुटं हाय?"

सकाळीच सोनाराने तो पहिला टाक मला दाखवायला दिला होता, माझ्या खिशात होता. मी त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी अंगठा फिरवला. दाढी, नाक, भुवई. कपाळावर अंगठा थांबला.

"हितंच हुती," त्या म्हणाल्या. "त्याच्या आज्याला हुती, बापाला हुती. ल्हान आसताना चुना लावून जाळाय बघायचा. मी म्हनायची, ऱ्हाऊ दे रं. अंधारात कोन कुटं निजलंय ते मला हाताला कळतंय." अंगठा तिथेच फिरत राहिला. "पर यवढी मोटी न्हवती की."

"त्यांनीच मोठी करायला सांगितली होती, आई."

"कवा?"

"चित्र काढलं तेव्हा. सोनाराला देऊनच आठवडा झाला."

त्यांचा अंगठा थांबला. "आठवडा? माजा ल्योक तर काल गेला पुन्याला. हितं बसून दहीभात खाऊन, माज्या पाया पडून गेला. मंग जितेपनीच टाक कुनी टाकला?"

"टाक नव्हे, आई, ते पदक. सत्काराचं."

"सोनाराला काय सांगितलंस?"

"पंचवीस करा म्हटलं."

त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या, म्हणजे तोंड होतं त्या बाजूला. मग कपाळावर हात मारून घेतला. "आरं येड्या, जित्या मानसाचा टाक करत न्हाईत. त्यो मेलाय म्हनून तूच सांगून आलास की गावाला."

आणि त्या हसायला लागल्या. रडता रडता हसत होत्या, मध्येच मला शिव्या देत होत्या. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं. त्यांनी मला पोस्टात पिटाळलं, पुण्याला तार करायला लावली, आणि उत्तर येईस्तोवर उठू दिलं नाही. भाकरी आणि शेंगाचटणी समोर आली. "खा," त्या म्हणाल्या, "आन् घरी कोन वाट बगत आसंल तर निरोप धाड." मी म्हटलं, कुणी नाही. मग त्यांनी विचारून विचारून माझ्याकडून सगळं काढून घेतलं, माळशिरस, सासरे, पक्की नोकरी, सगळं. दिवेलागणीच्या आत तारेचं उत्तर आलं: सनद मिळाली, उद्या निघतो, हार आणावेत.

हार न्यायला कुणी गेलं नाही. तार खरी की बातमी खरी यावर गावात अजून दोन तट होते. मालक स्टेशनातून बाहेर आले तर ओळखीचा टांगेवाला घोड्याच्या आड जाऊन म्हणाला, "मालक, तुमे तो गुजर गए बोले ना लोगां." त्याच्याकडूनच त्यांना आपल्या निधनाचा सविस्तर वृत्तान्त कळला. वकीलसाहेब त्याच दिवशी बार्शीच्या कोर्टात कामाला गेले ते आठ दिवस आले नाहीत. हेडमास्तरांनी शास्त्राधार दिला की खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. सोनाराने ठसा आणि चांदी परत केली आणि त्या वस्तूला पुन्हा हात लावणार नाही म्हणून सांगितलं.

आठवड्याने मला गादीवर बोलावणं आलं. मालक एकटे होते. शोकसभेचा कागद समोर पडलेला. पहिला ठराव दुखवट्याचा, दुसरा माझा. एक खोडला तर दुसरा उभा राहणार कशावर, हे मलाही कळत होतं. मी घरून निघतानाच मनाशी माळशिरसला रामराम ठोकला होता.

मालक ओरडले नाहीत. कागदावर बोट ठेवून म्हणाले, "तुम्ही होता ना सभेला? खरं सांगा. कोण रडलं?"

इथे माणसाने खोटं बोलावं. पंचवीस नावं माझ्या जिभेवर होती. पण त्या दिवशीचा तो आवाज माझ्या कानातून गेला नव्हता, आणि त्याच्या शेजारी हेडमास्तरांना रडवायला मला लाज वाटली.

"सभेत कुणी नाही, मालक."

"घरी?"

"घरी आई रडल्या."

"अजून?"

"अजून कुणी नाही."

दारात सुताची गाडी आली, उतरली, गेली. मग त्यांनी दौत ओढली, पहिला ठराव खोडला, दुसऱ्याखाली सही केली आणि म्हणाले, "जावा."

मी त्या ठरावाची नक्कल करून घेऊन नाचतच खोलीवर आलो, तर सासऱ्यांचं कार्ड येऊन पडलेलं. माझं पहिलं पाकीट त्यांना मिळालं होतं. कचेरीच्या वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं होतं: अध्यक्ष मयत झाल्याची वार्ता सुताच्या गाडीवानांकडून इकडे पोचली होती. आता ते हयात असल्याची वार्ताही पोचली आहे. हयात असल्यास उपाध्यक्षांची सही गैरलागू. मयत असल्यास नव्या अध्यक्षांच्या निवडीचा कागद जोडलेला नाही. सबब मुलगी तूर्त माहेरीच राहील. मी नवी नक्कल पाठवली. उत्तर आलं: जो इसम मयत की हयात याबद्दल वाद आहे, त्याची सही कुणासमक्ष झाली?

मी हात टेकले. हे मालकांच्या आईंना कुणी सांगितलं ते मला माहीत नाही, मी तरी नाही. पण पुढच्या रविवारी मालकांची मोटार पेठेतून निघाली ती माळशिरसच्या रस्त्याला लागली. पुढचं मला बायकोने सांगितलं. दारात मोटार थांबली. मालक उतरले, फेटा काढून काखेत धरला आणि ओट्यावर उभे राहून तिच्या वडिलांना म्हणाले, "मी हयात आहे. हात लावून बघा. आईनं पाठवलंय. पोरगी घेतल्याशिवाय घरी येऊ नको म्हणालीय." वडिलांनी खरंच त्यांच्या दंडाला हात लावून पाहिला. मग आत जाऊन म्हणाले, ट्रंक भरा.

मोहोळला मोटारीत पाणी घालायला थांबले. मालक झाडाखाली बसले होते. तिला म्हणाले, "पोरी, मी मेलो असं ऐकलं तेव्हा तुला काय वाटलं?"

ती लबाडी करणाऱ्यांतली नव्हती, अजूनही नाही. म्हणाली, "मी रडले."

"तू? तू तर मला पाहिलंही नव्हतंस."

"आता ह्यांची नोकरी कोण पक्की करणार, म्हणून रडले. दोन दिवस रडले."

मालक उठून मोटारीत जाऊन बसले आणि म्हणाले, "चला. आईला धरून दोघी झाल्या."